लंगड्या घोडीला स्थळ

चौदाव्या वर्षी माझी अशी पक्की समजूत होती की औरंगाबादेतली झाडून सगळी जनावरं माझ्या भरवशावर जगतात. माझ्या आधी ती कशी जगत होती, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला प्रश्न पडतच नसत. उत्तरं मात्र भरपूर होती.

झालं होतं असं की, संक्रांतीच्या तोंडावर आमच्या मुलींच्या शाळेतल्या बाईंनी आम्हा पाच-सहा मोठ्या मुलींना उभं केलं आणि सांगितलं, "घरोघर तिळगूळ खात हिंडण्यापेक्षा खाम नदीपलीकडच्या पांजरपोळात या. तिथं हात कमी पडतात." पांजरपोळ म्हणजे कुणाच्या उपयोगाची न राहिलेली, टाकून दिलेली जनावरं सांभाळायची जागा. आटलेल्या गायी, शिंग मोडलेले बैल, एक आंधळं गाढव, आणि छावणीतला कुणी गोरा साहेब बदली होऊन जाताना मागं सोडून गेलेला केसाळ कुत्रा. त्याला इंग्रजीशिवाय काही कळत नसे, त्यामुळं तो आम्हा सगळ्यांकडं तुच्छतेनं बघे.

बाकीच्या मुली मुकाट्यानं पाणी भरायच्या, शेण काढायच्या, जखमा धुवायच्या. मीही करायची, पण तोंड असं करून, की बघणाऱ्याला वाटावं, हिची आरती करायची राहून गेली. आई म्हणायची, "घरची म्हैस वैरणीवाचून हंबरतीय अन् ही गावची गाढवं पुसायला निघाली. लई पुण्यवान!"

त्याच दिवसांत घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी येई, पोहे खाई आणि मला विचारी: पापड लाटता येतात का? डोळ्यांनी नीट दिसतं का? मग सोबत आलेली एखादी आत्या म्हणे, "मुलीला जरा चालून दाखवायला सांगा." पायात खोड असली तर कळावी म्हणून. मी माजघराच्या दारापासून ओसरीपर्यंत चालून दाखवी. ते "विचार करून कळवतो" म्हणून जात आणि कळवत नसत. मला तोंड फार होतं, हे कारण नंतर कानावर आलं. ते खरं होतं.

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी जाऊन बघतो तर पांजरपोळाच्या फाटकाला कुणीतरी एक लाल घोडी बांधून गेलेलं. फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. मागचा एक पाय जमिनीला टेकतोय न टेकतोय. पांजरपोळाचे मुनीमजी, एक वाळके मारवाडी गृहस्थ, कपाळाला हात लावून उभे होते.

"गाय ठेवून घेतो, बैल ठेवून घेतो," ते म्हणाले, "घोडी कुठं ठेवू? होळी झाली की सगळी खिल्लारं पैठणकडं निघतात."

तो तिथला नेम होता. उन्हाळ्यात इथं पाणीही नसे आणि चाराही. म्हणून होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळी जनावरं गोदावरीच्या काठी चालवत नेत. तीन दिवसांची वाट.

सरकारी ढोरदवाखान्यातले सलोत्री साहेब, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, आठवड्यातून दोनदा येत. पांढरी दाढी, काळी शेरवानी, आणि बैलाशीसुद्धा 'आप' म्हणून बोलण्याची तऱ्हा. त्यांनी घोडीचा पाय चाचपला आणि मुनीमजींना म्हणाले, "ये पैठन तो क्या, बिडकीन तक भी नहीं पहुँचेगी. रास्ते में गिर जाएगी. होली से पहले इसका पाँव ठीक करना है और इसके लिए घर ढूँढना है."

मी पुढं झाले. अर्थातच मी पुढं झाले. "दोन्ही मी करते," असं मी म्हणाले.

सलोत्री साहेबांनी मला लाल मलमाची डबी दिली. मलम लई झोंबरं. दुखऱ्या सांध्यावर रोज दोनदा चोळायचं, वर पट्टी बांधायची. कातडी तापते, आतलं रक्त हलतं आणि पाय सुटतो. "पिछली दाहिनी टाँग, बेटी. मागचा उजवा पाय. याद रहेगा?"

मी असं हसले की जणू मला कुणी माझं नाव लक्षात राहील का म्हणून विचारलं. साहेब फर्दापूरकडं गुरांची साथ आली म्हणून आठ दिवसांच्या दौऱ्यावर निघून गेले.

आता इथं माझ्या आजीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढच्या अनर्थाचं मूळ तिच्यात आहे. पंगतीत वाढायला तिनं मला सातव्या वर्षापासून शिकवलं होतं. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला चटणी-कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी. वाढणारी समोर उभी, म्हणजे तिला सगळं उलटं. मी चुकले की दंडाला चिमटा. "त्याचं डावं गं, तुझं नव्हं!" हे चिमटे माझ्या हाडात असे मुरले होते की, डावं-उजवं म्हटलं की माझा हात आपोआप उलटीकडं जाई.

घोडीच्या मागं उभं राहिलं की तिचं उजवं तेच आपलं उजवं. हे कुठल्याही गाढवाला कळतं. पांजरपोळातल्या आंधळ्या गाढवालाही कळलं असतं. पण मी मागं उभी राहिले, 'मागचा उजवा' असं मनाशी म्हटलं, आणि पंगतीत वाढायला उभी असल्यासारखी सफाईनं डाव्या पायाला हात घातला. आठ दिवस, रोज दोनदा, मी तिच्या चांगल्या पायाला ते झोंबरं मलम चोळत राहिले. घोडी बिचारी वळून माझ्याकडं बघे. मला वाटे, कृतज्ञता आहे.

चौथ्याच दिवशी चमत्कार झाला. घोडी सरळ चालायला लागली! म्हणजे अशी एका बाजूला झुकत नव्हती. दोन्ही पाय सारखे टाकत होती. मी बाईंना ओढत आणून दाखवलं. मुनीमजींना दाखवलं. त्या इंग्रजी कुत्र्यालाही दाखवलं.

घोडी बरी होतेय म्हटल्यावर मी स्थळं बघायला घेतली. बाईंनी गुलमंडीच्या बाजारात सांगून ठेवलं होतं, त्यामुळं माणसं यायला लागली. जनावराची किंमत घ्यायची नसे. माणूस बरा वाटला की द्यायचं. 'बरा आहे का' हे ठरवायचं काम मी न मागता स्वतःकडं घेतलं. आणि माझ्याकडं प्रश्न कुठले असणार? मला जे विचारले जात होते तेच.

पहिला आला वीटभट्टीवाला. त्याला मी उभ्याउभ्याच वाटेला लावलं. त्या आठवड्यात मी केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट.

दुसरा वरातीला घोडी देणारा. झूल, घुंगरू, सगळं दाखवत होता. मी म्हटलं, "नको. रोज उठून नवरदेव बघायचे म्हणजे तिला वीट येईल." मला चौघांतच आला होता.

तिसरे हर्सूलकडचे एक शेतकरी. म्हातारी आई, तिला शेतावर न्यायला गरीब घोडी हवी होती. किती चांगलं घर! मी विचारलं, "घरात माणसं किती? बायकोचा स्वभाव कसा आहे? ती भांडते का?"

"बाई," ते पटका सारखा करत म्हणाले, "म्या घोडी न्यायला आलोय. तुमची लेक न्हाय."

"विचार करून कळवू," मी म्हणाले. काय सांगू, हे वाक्य आपल्या तोंडानं म्हणण्यात जे सुख आहे ते पुरणपोळीत नाही.

आणि मग आले तांगेवाले चाचा. पैठण गेटच्या अड्ड्यावरचे. ढगळ सदरा, डोक्याला गमछा, मेंदीनं रंगवलेली दाढी. त्यांची घोडी पावसाळ्यात गेली होती आणि तेव्हापासून तांगा नुसता उभा होता. मी मुनीमजींच्या गादीवर बसले होते. मुनीमजी बिचारे खाली.

"या आधी घोडी होती?" मी विचारलं.

"हौ बेटी. थी."

"कशानं गेली?"

बिजवराला विचारतात तसा हा प्रश्न होता, आणि मी तो त्याच आवाजात विचारला.

"बुढ़ापे से गई. आखरी दो महीने मैं उसकू जोता नईं. खाली पानी पिलाने कू नदी पे ले जाता था. उसकू पसंद था बोलके."

ह्या उत्तरावर माझ्या जागी कुणीही माणूस असता तर घोडीचा दोर त्यांच्या हातात देऊन मोकळा झाला असता. मी मान हलवून म्हणाले, "हं. आता हिला चालवून दाखवते. बघा कशी बरी केलीय."

घोडी फाटकापर्यंत गेली, परत आली. चाचा उकिडवे बसून तिच्या पायांकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बेटी, ये तो दोनों टाँगों से लंगड़ रई."

"काहीतरीच! सरळ चालतीय की."

"दोनों तरफ बराबर लंगड़ रई, इसलिए सीदी दिखती."

मला इतका राग आला की मी गादीवरून उठले. "तुम्हाला घोड्यातलं काय कळतं?" असं मी म्हणाले. चाळीस वर्षं तांगा हाकलेल्या माणसाला. चाचांनी गमछा खांद्यावर टाकला, घोडीच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सलोत्री साहेब दौऱ्यावरून आले. त्यांनी डाव्या पायाची पट्टी सोडली. केस गेलेले, कातडी सुजून लालबुंद. मग त्यांनी उजवा पाय बघितला. तो जसा होता तसाच होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माशाअल्ला बेटी," ते म्हणाले, "तकलीफ एक टाँग में थी. आपने इन्साफ़ किया, दोनों में बाँट दी."

बाकीच्या मुली इतक्या हसल्या की एकीनं पाण्याची घागर फोडली. मीही हसायला हवं होतं, पण माझं लक्ष घोडीकडं गेलं. ती आपला तोच डावा पाय उचलून माझ्यापुढं धरत होती. आठ दिवसांत तिला सवय झाली होती. ही बया येते, हा पाय मागते आणि जाळते, असं तिनं मान्य करून टाकलं होतं.

साहेबांनी डाव्या पायाला गार चिखलाच्या पट्ट्या सांगितल्या, उजव्याला मलम. "होली तक? मुश्किल है," ते मुनीमजींना म्हणाले. "चालायला लागली तर कामाला लायक आहे म्हणून मी चिठ्ठी देईन. पण नेणारा कोण आहे?"

नेणारा कुणी नव्हता. गावभर झालं होतं की पांजरपोळात एक पोरगी बसते आणि ती बायकोचा स्वभाव विचारते. पुढचे दहा दिवस कुणी फिरकलं नाही.

अकराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात आईपुढं रडले. सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. ऐकून तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि म्हणाली, "डावं-उजवं कळत नाही अन् लोकांच्या घरी जाऊन संसार करणार! ऊठ. लुगडं बदल."

"कुठं जायचं?"

"त्या तांगेवाल्याकडं. आपण मुलीकडचे ना? मग मुलीकडच्यानं पायरी चढायची असती. मान खाली घालायची आत्तापासून सवय कर."

तिनं ताटलीत नारळ आणि गुळाचा खडा घेतला, वर रुमाल टाकला, आणि आम्ही दोघी भर दुपारी पैठण गेटच्या तांगा अड्ड्यावर जाऊन उभ्या राहिलो. आमच्यासारख्या घरच्या बायका तिथं चालत येत नसत. सगळे तांगेवाले बिड्या विझवून उभे राहिले. चाचा आपल्या बिनघोडीच्या तांग्यात बसले होते.

आई म्हणाली, "भाईजान, पोरगी चुकली. घोडी तुमची आहे, तुम्ही न्या."

चाचांनी आधी नारळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग गमछा झटकून ऐटीत बसले. अगदी मी बसले होते तसे.

"इससे पैले कितने जानवर पाले?"

मी मान खाली घालून म्हणाले, "एक. मांजर."

"कैसे गई?"

"गेली नाही. शेजारी राहायला गेली."

अड्डा हसला. आईनंसुद्धा पदर तोंडाला लावला.

"मतलब ज़िंदा है," चाचा म्हणाले. "अच्छा है. मगर मैं गरीब आदमी हूँ, बेटी. चलने वाली घोड़ी होना. खड़ी घोड़ी कू क्या खिलाऊँ, मैं क्या खाऊँ? होली कू चली तो ले जाऊँगा. और तब तक मालिश तूच करेगी. मैं सामने बैठूँगा."

आणि खरंच, रोज सकाळी ते पांजरपोळात येऊन समोर बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी घोडीच्या मागच्या उजव्या पायाला हिरवा दोरा बांधला आणि तसाच दोरा माझ्या उजव्या मनगटाला. "ये और वो, एक तरफ." तो दोरा बांधूनच मी पुढच्या पाहुण्यांसमोर पोहे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, हा कसला दोरा? आईनं सांगितलं, "उपासाचा." मी सांगितलं, "घोडीचा." त्यांनीही विचार करून कळवतो म्हटलं.

घोडी पहिले काही दिवस मला डावाच पाय देई. मी तो हलकेच खाली ठेवी आणि उजवा मागे. मागायचं कसं ते चाचांनी शिकवलं: ढोपराला हात लावायचा आणि थांबायचं. थांबणं हे माझ्या आयुष्यात मी तेव्हा पहिल्यांदा केलं. होळीच्या आठ दिवस आधी एका सकाळी तिनं आपणहून उजवा पाय उचलून माझ्या हातात दिला. मी चाचांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते, दाढी खाजवत.

होळीच्या दिवशी सकाळी सलोत्री साहेब आले. फाटकाबाहेर पैठणला निघायची तयारी चाललेली. गुराख्यांच्या काठ्या, घोंगड्या, भाकरीची गाठोडी. साहेब म्हणाले, "कुएँ से फाटक तक चलाइए."

विहिरीपासून फाटकापर्यंत असतील शंभरेक पावलं. मी घोडीला सोडलं. ती उभीच राहिली. त्या वेळी माझ्या लक्षात आलं, आपण ओसरीवर चालून दाखवतो तेव्हा माजघरात उभी राहिलेली आई पदराचं टोक का पिळत असते. फाटकाजवळ चाचा तोंडानं च्यक् च्यक् करत होते. घोडीनं कान टवकारले, आणि निघाली. थांबत, मान खाली घालून, उजवा पाय जरासा ओढत. पण टेकवत, प्रत्येक पाऊल टेकवत, निघाली ती थेट चाचांच्या खांद्यावर तोंड ठेवूनच थांबली.

साहेबांनी चिठ्ठीवर लिहिलं: हलका तांगा, दोन सवाऱ्या, दौड नाही.

पांजरपोळाचा एक रिवाज होता. तिथल्या जनावराला नाव ठेवत नसत. ज्याच्या घरी ते जाई, तो फाटकात त्याला गूळ भरवी आणि त्याचं नाव तीनदा मोठ्यानं सांगे; मुनीमजी ते वहीत लिहीत. एकदा लिहिलं की बदलत नसे. चाचांनी गूळ भरवला, गमछा सारखा केला, आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा माझं नाव घेतलं.

"अहो चाचा!" आई ओरडली.

"कायकू माँजी? दोनों अड़ियल, दोनों का दिल अच्छा. दूसरा नाम कायकू ढूँढूँ?"

मुनीमजींनी लिहून टाकलं होतं. मला वाटतं, गादीवरून उतरवल्याचा वचपा त्यांनी काढला.

त्यानंतर वर्षभर माझं नाव पैठण गेटपासून स्टेशनापर्यंत गाजत होतं. इथं त्या नावाच्या जागी मी 'अमकी' म्हणते. "हटो, हटो, अमकी आ रई!" "अमकी, मार नक्को!" "अरे अमकी, रस्ते में लीद कायकू?" त्या काळी आमच्यात मुलीचं नाव चारचौघांत घ्यायची चोरी, आणि इथं ते चाबकाबरोबर ऐकू येई. वडील बाजारात जाताना गल्ली बदलून जात.

आणि व्हायचं तेच झालं. परभणीकडचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलगा आणि त्याची आई स्टेशनावर उतरले आणि बसले नेमके चाचांच्या तांग्यात. रस्ताभर चाचांनी घोडीची तारीफ केली, नावासकट: ही पाय जरा ओढते, खाते बेताचं, रागावते लई, पण एकदा जीव लावला की सोडत नाही.

घरी पोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, "नाव काय गं तुझं?" मी सांगितलं. मुलगा एकदम इतका हसला की पोहे त्याच्या नाकात गेले. त्याला पाणी पाजलं, पाठीवर थापट्या मारल्या. मग नेहमीप्रमाणं मला चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. मुलानं गंभीर चेहरा करून एकच प्रश्न विचारला:

"कोणता पाय? उजवा की डावा?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी मात्र विचार करून कळवतो म्हटलं नाही. तिथंच सुपारी फोडली.

सासूबाईंची अट एकच होती. नाव बदलायचं. नाहीतरी लग्नात मुलीचं नाव बदलतातच. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो. माझ्या वेळी सासूबाई शेजारी बसून एकेक अक्षर निरखत होत्या, जुनं लिहिलं जाऊ नये म्हणून. तेव्हापासून मी ह्या दुसऱ्या नावानं ओळखली जाते. पहिलं कोणतं ते मी नातवंडांनाही सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. ते दिलेलं आहे.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हाची गोष्ट. स्टेशनाबाहेर उन्हात तांग्यांची रांग उभी होती आणि गर्दीतून हाक आली, माझ्या जुन्या नावानं. सहा महिन्यांत कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. मी गर्रकन वळले, डोक्यावरचा पदर पडला तरी कळलं नाही.

हाक मला नव्हती. चाचा घोडीला मागं सरक म्हणून सांगत होते. ती काही वळली नाही. चंदीच्या तोबऱ्यात तोंड खुपसून उभी होती. अंग भरलं होतं, आणि मागच्या उजव्या पायाला नवा कोरा हिरवा दोरा होता.